माझ्या काठावरची नावं

मी अंतरपाट बोलतोय. लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरतात ना, ते कापड. बोलावं की बोलू नये, याचा मी गेले तीन दिवस विचार करतोय. माझ्यासारख्यानं बोलायची पद्धत नाही. मंगलाष्टकं होईपर्यंत ताठ राहायचं आणि मग बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. पण एका लग्नात मी जे पाहिलं त्याची मला लाज वाटते, आणि लाज घडी घालून ठेवता येत नाही, हे मला आता कळलंय.

मी साधं सुती कापड आहे. पांढरं, लाल काठाचं. एक्काहत्तर साली परभणीच्या बाजारातून कमलबाईंच्या वडिलांनी मला आणलं. त्यांच्या आईनं माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. कमलबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि चौथीपर्यंत शिकलेल्या. आपल्याला अक्षरं येतात, हे सासरच्यांना कळावं म्हणून त्यांनी लग्नाच्या चार दिवस आधी माझ्या काठावर लाल दोऱ्यानं दोन नावं भरली. माणिकराव, कमल. तिथून या घरात रीतच पडली. ज्या मुलीचं लग्न माझ्या आडून लागेल, तिनं स्वतःच्या हातानं दोघांची नावं माझ्यावर भरायची. तीन दिवसांपूर्वीपर्यंत माझ्या काठावर सात जोड्या होत्या.

माणिकरावांना घरात सगळे आबा म्हणतात. त्यांनी मातीच्या विषयात पीएचडी केली, कृषी विद्यापीठात तीस वर्षं शिकवलं. बायकोनं मला ट्रंकेत ठेवू म्हटलं तर ते म्हणाले, ट्रंकेत कसर लागते. म्हणून माझी जागा त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात, त्यांच्या प्रबंधाच्या आणि एका जाड शब्दकोशाच्या मध्ये. पन्नास वर्षं अशा शेजारात राहिल्यामुळे मलाही शंका घ्यायची सवय लागली आहे. आत्ता हे सांगतानाही, मी नीट सांगतोय का, माझी बाजू सावरून तर सांगत नाही ना, असं मनात येतंच.

आबांना कपाटासमोर उभं राहून पुटपुटायची सवय आहे. त्यामुळे त्यांचं बरंच काही मला ठाऊक आहे. ते खेडोपाडी जाऊन शेतकऱ्यांना सांगायचे, माती तपासल्याशिवाय पेरू नका. आपल्याला ती वरून सारखीच दिसते. लोक मान डोलवायचे. या वाक्याचा आबांना अभिमान होता.

आता ऋतिकाबद्दल. ती आबांची थोरली नात. तिचे आई-वडील पेडगावात शेती बघतात. शिकायला म्हणून ती सहावीपासून आजी-आजोबांकडे परभणीत राहिली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना मानवतच्या शिवप्रसादचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नोकरीला, शांत, सरळ. पाहणं झालं, पसंती झाली. लग्न पुढच्या उन्हाळ्यात करू, असं ठरलं.

आणि मग शिवप्रसादचे वडील अचानक गेले.

आपल्याकडं घरात असं काही झालं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. आबांनाही माहीत नव्हतं, त्यांनी शब्दकोशातसुद्धा बघितलं होतं. पण तीन वर्षं म्हटल्यावर दोन्ही घरं घाबरली. चार महिन्यांनंतरची तारीख काढली. पत्रिका छापल्या, पहिली देवापुढं ठेवली, बाकीच्या वाटल्या.

त्या दिवसांत मला कपाटातून बाहेर काढून दिवाणावर ठेवलं होतं. ऋतिका संध्याकाळी सुई-दोरा घेऊन बसायची. शिवप्रसादचं नाव तिनं दोनदा भरलं आणि दोनदा उसवलं. तिसऱ्या दिवशी ती आबांना म्हणाली, "आबा, मला वर्षभर थांबू द्या ना. परीक्षा पण हाय. अन् मला त्याच्याशी अजून नीट बोलताच येईना. मला काय वाटायलंय तेच मला कळंना."

आबा म्हणाले, "बघतो मी."

दुसऱ्याच दिवशी दुपारी शिवप्रसादचे काका आले. रंगनाथराव. पाणी पिऊन झालं, चहा आला. ते बशीकडं बघत म्हणाले, "सर, एक सांगू का. पोरगं म्हणतंय थोडं थांबू. बापाचं लय मनाला लावून घेतलंय त्यानं. जेवायलाबी बोलवावं लागायलंय. तुमची पोरगी काय म्हणती?"

मी तिथंच होतो, आबांच्या हाताशी. माझ्यात सुई टोचून ठेवलेली होती. दोघंही थांबायचं म्हणत होते. आबांनी एवढं एक वाक्य खरं सांगितलं असतं तर काम झालं होतं.

आबा म्हणाले, "आमची ऋतिका? ती तर दिवस मोजायलीय."

रंगनाथरावांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "मग काय प्रश्नच मिटला," म्हणत त्यांनी चहा संपवला.

संध्याकाळी आबा ऋतिकाला म्हणाले, "त्याचे काका आले होते. मुलगा थांबायला तयार नाही बेटा. तू घरात आलीस की वडिलांचं दुःख हलकं होईल, असं त्याला वाटतंय. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?"

ऋतिकानं मला मांडीवर ओढलं. तिनं सुई घेतली आणि नाव पुरं केलं. फार बारीक टाके घातले, इतके बारीक माझ्या काठावर दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

त्यानंतर दोघं फोनवर बोलायचे. मी ऐकायचो. शालूचा रंग, हारातली फुलं, कुणाला कुठल्या गाडीत बसवायचं. समोरच्याला घाई आहे, असं दोघांनाही सांगितलेलं. मग समोरच्याचा हिरमोड कुणी करायचा? "चालेल ना?" "हो, चालेल." असे ते चार महिने गेले.

आता लग्नाच्या दिवसाचं सांगतो. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

माझं एक टोक भटजींच्या हातात होतं, दुसरं आबांच्या. या घरातल्या प्रत्येक लग्नात एक टोक आबाच धरतात. त्या दिवशी त्यांचा हात कापत होता. लोक म्हणाले, वय झालं सरांचं. वय नव्हतं झालेलं. मला माहीत होतं.

सगळ्या मांडवात मी एकटाच असा असतो, ज्याला दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात. ऋतिका माझ्याकडं, स्वतःच भरलेल्या नावाकडं बघत होती. बघत कसली, वाचत होती, पुन्हा पुन्हा, पाठ करत असल्यासारखी. पलीकडं शिवप्रसाद मान वळवून पहिल्या रांगेकडं बघत होता. तिथं एका खुर्चीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो ठेवला होता.

मंगलाष्टकं संपली. अक्षता पडल्या. मला बाजूला ओढलं. शिवप्रसादची मान अजून तिकडंच होती. ऋतिकाला मांडवात पहिल्यांदा दिसली ती त्याची वळलेली मान. तो फोटो तिच्या जागेवरून दिसत नव्हता, मध्ये माणसं होती.

मला दिसत होता. मी त्या क्षणी भटजींच्या हातून निसटलो असतो, खाली पडलो असतो, थोडा गोंधळ झाला असता, तर तेवढ्यात त्यानं मान वळवली असती का? कापडाला निसटता येत नाही, असं मी स्वतःला समजावतो. पण आबाही तेव्हा स्वतःला असंच काहीतरी समजावत होते, म्हणून माझ्या समजावण्यावर माझा विश्वास बसत नाही.

मला धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवलं. त्यांच्या संसारातलं मी काही पाहिलेलं नाही. जे कळलं ते दोन वर्षांनी, ऋतिका बॅग घेऊन परत आली तेव्हा. ती कपाटाला पाठ टेकून बसायची आणि आजीशी बोलायची.

"त्यानं कधी आवाज चढवला नाही, आजी. चढवला असता तर बरं झालं असतं. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी डबा आणून मोरीत ठेवायचा. कसा गेला दिवस विचारलं तर म्हणायचा, बरा गेला. मी हार घातला तवाच मला कळलं होतं, मी त्याला नको होते म्हणून. मान सुद्धा वळवली नव्हती त्यानं."

"मग इचारलं का न्हाई त्याला?" कमलबाई म्हणाल्या.

"काय विचारू? मी आवडत नाही का, असं?"

कपाटाच्या दाराआड मला सगळं ऐकू येत होतं. त्या फोटोचं मला माहीत होतं. आबा बाहेर खुर्चीत पेपर धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

दोघांनी संमतीनं अर्ज केला. कुणी कुणावर आरोप केला नाही. परभणीच्या कोर्टात शेवटची सही झाल्यावर शिवप्रसादनं तिला विचारलं, "रिक्षानं जाणार का? सोडू का घरापर्यंत?" घर दहा मिनिटांवर होतं. ती नको म्हणाली आणि घरी येऊन त्या एका वाक्यावर जितकी रडली तितकी त्या सगळ्या वर्षांत रडली नव्हती.

घटस्फोट म्हणजे कोर्टातली एक सही, असं मला वाटायचं. तसं नसतं. ती सही पुढं रोज करावी लागते. गल्लीतली बाई दारातून विचारते, "कवा आलीस? मुक्काम किती दिवस?" आणि ऋतिका म्हणते, "आले काल." दोन वर्षं झाली तरी कालच आलेली असते. नोकरीचा फॉर्म भरताना विवाहित की अविवाहित यावर तिचं पेन थांबतं. हळदी-कुंकवाला तिला कुणी येऊ नको म्हणत नाही, ती स्वतःच डोकं दुखतंय म्हणते. तिनं बसून जेवणं सोडलं, ओट्यापाशी उभ्यानंच दोन घास खायची. आपल्यात काय कमी होतं, हा प्रश्न ती आरशाला विचारायची. उत्तर दुसऱ्याच खोलीत, पेपरच्या मागं बसलेलं होतं.

आबांनीही सकाळचं फिरणं बंद केलं. विद्यापीठाच्या रस्त्यावर जुने सहकारी भेटायचे, नातीचं विचारायचे. एकदा बसस्टँडवर त्यांना शिवप्रसाद दिसला होता. वाळला होता, एकटाच बाकावर बसून कणीस खात होता. आबा रसवंतीच्या आड उभे राहिले, तो बसमध्ये चढेपर्यंत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कपाटाला सांगितलं. "माझ्याच्यानं समोर जाववलं नाही," असं तीनदा म्हणाले.

आता या घरात पुन्हा लग्न आहे. ऋतिकाची चुलत बहीण राजेश्री, आबांच्या धाकट्या मुलाची मुलगी. मुलगा सोनपेठचा, महारुद्र. म्हणून तीन दिवसांपूर्वी मला बाहेर काढलं.

दुपारची वेळ होती. कमलबाई अक्षतांचे तांदूळ निवडत होत्या. राजेश्री दोरा ओवत होती. आबा त्यांच्या खुर्चीत. राजेश्रीच्या आईनं, पंकजानं, मला उलगडलं आणि तिचा हात शेवटच्या जोडीवर थांबला.

"ऋतिका, राग येऊ देऊ नको बाई," पंकजा म्हणाली. "पण लोक कापडाकडं बघतेत. नवं लग्न हाय. तेवढी नावं काढून टाकू का?"

"काढते की काकू. मीच घातली होती, मीच काढते."

ऋतिका मला मांडीवर घेऊन बसली. तिनं बारीक कात्री घेतली. बराच वेळ दोरा सापडेना.

"ताई, किती बारीक टाके घातलेस गं," राजेश्री म्हणाली. "निघायलेच नाहीत."

"तवा वाटलं होतं, टिकायला पाहिजेत."

 शेवटी पहिलं अक्षर निघालं. शिवप्रसादमधला शि. जिथं दोरा होता तिथं बारीक भोकांची एक ओळ राहिली. दुसऱ्या अक्षराला कात्री लागणार तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब."

सगळ्यांनी वर पाहिलं. आबांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"शिवप्रसाद पण थांबू म्हणत होता," ते म्हणाले.

"कवा?" ऋतिकानं विचारलं.

"लग्नाच्या आधी. तू म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याचे काका इथं बसून मला सांगून गेले. बापाच्या दुःखात होता तो, त्याला एवढ्यात लग्न नको होतं. तू नको होतीस असं नाही. घाई नको होती. मी त्यांना सांगितलं, पोरगी दिवस मोजायलीय. अन् तुला सांगितलं, तो थांबायला तयार नाही."

"आवं, काय बोलायलात तुमी?" कमलबाईंच्या हातातलं सूप खाली आलं.

"खरं बोलायलोय. पाच वर्षं उशिरा."

ऋतिका माझ्याकडंच बघत होती, मांडवात बघत होती तशी. "म्हणजे त्याला वाटायचं, घाई मलाच झाली होती?"

"हो."

"आबा, मी रोज सकाळी उठून नटायची त्याच्यासमोर. आवडावं म्हणून. बाप जाऊन वर्ष नाही झालेल्या माणसासमोर." ती हसायला लागली. ते हसू ऐकवत नव्हतं. "काय वाटलं असंल त्याला. भीती वाटली असंल माझी."

"तुझं वाईट व्हावं असं नव्हतं माझ्या मनात. मला वाटलं होतं, एकदा लग्न झालं की..." आबा मध्येच थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "नाही. तसं पण नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. लोकांना काय सांगायचं, याची मला लाज वाटली."

कमलबाई सूप बाजूला सारून म्हणाल्या, "लोकायला माती तपासा म्हणून सांगत फिरले जन्मभर. घरातल्या लेकराला दोनदा इचारायचं जमलं न्हाई."

आबा चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत ते अडीच तास बोलले होते, असं मी ऐकलंय.

"मला तुमच्याशी भांडता पण येईना आबा," ऋतिका म्हणाली. "तुमचा बीपी वाढंल म्हणून." तिनं मला दिवाणावर ठेवलं, कात्री माझ्यावर ठेवली आणि ती वर गच्चीवर निघून गेली.

 मग राजेश्रीनं दोऱ्याची गुंडी खाली ठेवली, फोन उचलला आणि तिथंच, सगळ्यांच्या समोर, महारुद्रला लावला.

"हॅलो. हां, मीच. मला एक सांगा. माझ्याबद्दल तुम्हाला कुणी काय काय सांगितलंय? खरं खरं."

फोन स्पीकरवर होता. पलीकडं जरा गडबड झाली. "काय झालं गं?"

"काही नाही झालं. होऊ नये म्हणून विचारायले."

"तुझ्या मामानं सांगितलं की, तुला स्वयंपाकाची लय आवड हाय."

"मला चहाबी नीट जमत नाही. अजून?"

"तुला पुण्याला राहायला आवडंल म्हणले."

"मला परभणी सोडायची नाही एवढ्यात. मी सांगितलं होतं घरी." तिनं आईकडं पाहिलं. पंकजानं पदर तोंडाला लावला. "आता तुमचं सांगा. मला काय खोटं सांगितलंय?"

 मग महारुद्र म्हणाला, "नोकरी पर्मनंट हाय म्हणून सांगितलंय ना तुला? अजून न्हाई झाली. मी म्हणलं होतं सांगा म्हणून. आमचे दादा म्हणले, लग्नानंतर सांगू."

राजेश्री खाली बसली. मला वाटलं, झालं, हेही मोडलं. ती माझ्या काठावरून बोट फिरवत राहिली, त्या भोकांवरून. मग म्हणाली, "बरं झालं आत्ता सांगितलंत. अजून काय हाय?" आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. तासाभरानं बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "लग्न हाय. पुण्याचं दोन वर्षांनी बघू म्हणलेत."

ऋतिकानंही दुसऱ्या दिवशी एक निरोप पाठवला. फोन माझ्यावर ठेवूनच ती लिहीत होती, म्हणून मी वाचला. "आबांनी काल सगळं सांगितलं. तू थांबू म्हणाला होतास, मला माहीत नव्हतं. मी पण म्हणाले होते." दोन तासांनी उत्तर आलं. "मलाही माहीत नव्हतं. बरी आहेस ना?" तिनं लिहिलं, "आहे." एवढंच. त्यातून काही जुळेल असं समजू नका. पाच वर्षांत दोघंही फार दूर गेलीत. पण त्या संध्याकाळी ती पाटावर बसून जेवली.

राजेश्रीनंही नावं भरली, माझ्या काठावर आता आठ जोड्या आहेत. सातव्या जोडीचं पहिलं अक्षर नाही, बाकीची तशीच आहेत. ऋतिकानं पुढचं काढलं नाही आणि निघालेलं पुन्हा भरलंही नाही. पंकजा काल एकदा म्हणाली, "हे असं अर्धवट बरं दिसतंय का?" त्यावर कमलबाई म्हणाल्या, "जे हाय ते हाय. लपवून झालं आता."

आज सकाळी राजेश्री आबांना म्हणाली, "माझ्या लग्नात एक टोक ताई धरंल. चालेल ना?" पंकजानं चमकून कमलबाईंकडं पाहिलं. आबा म्हणाले, "धरू दे. माझं धरून झालंय." मग कपाटाकडं तोंड करून ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले. आज पुटपुटले नाहीत.

उद्या साडेअकराचा मुहूर्त आहे. मला इस्त्री झाली आहे. मला अजूनही खात्री नाही की असं सगळं बोलायचा मला अधिकार होता. मी स्वतः गप्प राहिलेल्यांपैकी आहे. पण तुमच्यापैकी कुणाचं लग्न ठरत असेल तर एका लाजलेल्या कापडाचं एवढं ऐका. समोरच्याला काय वाटतं ते काकांकडून, मामांकडून, शिकलेल्या आजोबांकडून ऐकू नका. त्याला विचारा. तिला विचारा. थांबावंसं वाटत असेल तर तेही त्यालाच सांगा, कदाचित तोही त्याच वाक्यावर अडला असेल. आणि हे माझ्या आधी करा. मला बाजूला करतात तेव्हा अक्षता पडून गेलेल्या असतात.

उद्या ऋतिकाचा हात कापला तर लोक काहीतरी म्हणतील. म्हणू देत. मी तिच्या हातात शक्य तितका ताठ राहीन.